पिठाच्या डब्यावरचा दगड

मिस्त्रींनी काच चौथ्यांदा बसवून पाहिली. चौथ्यांदाही ती दगडावर टेकली आणि एका बाजूने वर राहिली.

"बसली का?" बायकोने आतून विचारलं.

"बसली असती तर मी उठलो नसतो का?"

आठ दिवस खपून त्यांनी भिंतीवर टांगायची ही काचेची पेटी केली होती. बायको दरवर्षी धाकट्या बहिणीबरोबर कुठेतरी फिरून यायची. मिस्त्री कधी गेले नाहीत; हातात नेहमी कुणाची तरी दारं असायची. येताना ती काहीबाही आणायची. शिंपला, बसचं तिकीट, पितळी घंटा, लाकडी चमचा. आता गुडघ्यांनी फिरणं बंद केलं, तेव्हा म्हणाली, हे सगळं मला एका जागी बघायचंय. आज संध्याकाळी बहीण येणार होती. तिला दाखवायचं होतं.

मिस्त्रींनी वस्तू मोजून पेटीची खोली ठरवली, वस्तू सरसाने पक्क्या चिकटवल्या. आणि सकाळी बायकोने पिठाच्या डब्यावरून हा दगड आणून दिला.

"हा आधी का नाही दिलास?"

"डब्याचं झाकण सैल आहे ना, त्यावर वजन म्हणून होता. तीन महिने 'बघतो, बघतो' म्हणताय. मला वाटलं, तेवढ्यात दगड तरी बघितला असेल."

दुसरी पेटी करावी, तर चिकटलेला चमचा मोडल्याशिवाय निघणार नव्हता. उपाय तसा सोपा होता. कडांवर अर्ध्या बोटाची पट्टी चढवली की काच वर आली असती. पण पट्टी म्हणजे सांधा, आणि तोही दर्शनी. चाळीस वर्षांत त्यांच्या कामाचा सांधा कुणाला सापडला नव्हता. मिस्त्रींनी दगड शिकंज्यात आवळला आणि कानस उचलली.

दोन हात मारले नाहीत तोच बायको दारात आली.

"काय चाललंय?"

"खालून घासतोय. भिंतीकडची बाजू आहे, कुणाला दिसणार नाही."

"मला माहीत असेल ना. तुमची पेटी लहान झाली, तर माझा दगड का लहान करताय?"

तिने शिकंजा स्वतःच सैल केला, दगड पदराने पुसला आणि परत डब्यावर नेऊन ठेवला. वादही घातला नाही. मिस्त्रींचं डोकं त्यानेच जास्त तापलं.

तासभर ते नुसते धुसफुसत बसले. मग पट्टी शोधली. पेटीच्या रंगाचं लाकूड घरात नव्हतं. मिळालं ते फिकट, नव्या सदऱ्याला ठिगळ लावावं तसं दिसणारं. दात खात त्यांनी तेच चढवलं. दगड आत गेला, काच बसली.

संध्याकाळी मेहुणी आली ती थेट काचेला नाक लावून उभी राहिली.

"भावोजी, ही पांढरी पट्टी कसली? नक्षी का?"

मिस्त्री बाहीने काच पुसू लागले.

"पट्टी राहू दे, दगड बघ," बायको म्हणाली. "त्या टेकडीच्या माथ्यावरचा."

"म्हणजे तू खरंच वर गेली होतीस? मी खाली बसले होते, मला वाटलं वळणाआड थांबून थापा मारतेयस."

"सहा वर्षं हेच ऐकतेय. खाली कुठे असला तांबडा दगड बघितलास?"

मेहुणीने पुन्हा निरखून पाहिलं. "नाही गं," ती म्हणाली.

बायकोच्या चेहऱ्याकडे मिस्त्रींनी एकदा पाहिलं, मग नजर पुन्हा त्या सांध्यावर गेली. बघवेना. ते स्वयंपाकघरात गेले, पिठाचा डबा झाकणासकट उचलला आणि ठोकायला बाहेर नेला.