काशम्माचा खोकला

"घरात कुणाला ताप, खोकला, दम लागणं?" कोरोनाच्या सर्वेक्षणाला आलेल्या आशाताईंनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच विचारलं. तोंडाला मास्क, त्यावर प्लास्टिकची पारदर्शक पट्टी. आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता.

नागमणीने मान हलवली. "न्हाई ताई. सगळी बरी हायत."

तेवढ्यात आतून तिची सासू, काशम्मा, खोकली.

आशाताईंचं पेन थांबलं. नागमणी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. समोरच्या ओट्यावर सुपात तंबाखू घेऊन बिड्या वळत बसलेली अंबुबाई म्हणाली, "तो व्हय? तो आमच्या गल्लीचा भोंगा हाय. गिरणीचा कवाच बंद पडला, ह्यो चालूच हाय की."

"म्हणजे जुना आहे?"

"मी लगीन होऊन हितं आले तवा पयल्या दिवशी मला ह्याच खोकल्यानं उठवलं. आता माझ्या लेकीला लेकरं झाली. तुमीच बगा किती जुना ते."

ओट्याओट्यांवरच्या बायका हसल्या. आशाताईही हसल्या आणि पुढच्या दाराकडे वळल्या.

कुणी खोटं बोललं नव्हतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या गल्लीत घरटी एक तरी बाई बिड्या वळत होती, आणि काशम्मा त्या सगळ्यांत जुनी. परकर नेसायच्या वयात आईशेजारी सूप घेऊन बसली, ती साठी उलटली तरी तशीच. तंबाखूची बारीक धूळ तिच्या नाकातोंडात, केसांत, भाकरीच्या पिठातसुद्धा गेलेली. खोकला आला नसता तरच नवल होतं.

पण त्या दिवशी गल्लीला भीतीही होती. मागच्या गल्लीत एक माणूस पॉझिटिव्ह निघाला आणि महापालिकेने दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले. तिथल्या बायकांना बिडी कारखान्यातून तेंदूची पानं मिळेनात. इथल्यांना लॉकडाऊननंतर नुकतीच पुन्हा पानं आणि तंबाखू मिळू लागली होती. काशम्माचा मुलगा भिवंडीला यंत्रमागावर कामाला होता. तिथले माग बंद, तो तिकडेच अडकलेला. घरात सासू, सून आणि नात अनुषा. चूल दोघींच्या बोटांवर चालली होती.

गल्लीच्या तोंडाशी एकनाथ सरांचं घर होतं. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. शाळा बंद पडल्यापासून ते गल्लीतल्या मुलांना ओट्यासमोर खडूच्या गोलांत लांबलांब बसवून शिकवत. पुस्तकं सगळ्यांकडे नव्हती, म्हणून त्यांनी पुस्तक न लागणारे खेळ काढले होते. त्यांतला मुलांचा आवडता खेळ ऐकण्याचा. डोळे मिटायचे, गप्प बसायचं आणि मग काय काय ऐकू आलं ते एकेकाने सांगायचं.

आशाताई येऊन गेल्या त्यानंतर काही दिवसांनी असाच खेळ चालला होता. "कात्री," एकजण म्हणाला. पानं कापणाऱ्या कात्र्यांची कचकच दिवसभर चाले.

"कुणाची?"

"अंबुबाईची. ती मध्ये मध्ये थांबते. बोलायला."

मुलं खिदळली. सरही हसले. "आणखी?"

"काशम्माचा खोकला," दोघं-तिघं एकदम म्हणाली. तो सगळ्यांनाच ओळखता येई, म्हणून त्याला कुणी शाबासकी देत नसे.

अनुषाने मात्र डोळे उघडले नव्हते. नऊ वर्षांची ती मुलगी आजीचा खोकला हुबेहूब काढून दाखवायची. गल्लीत ती त्यासाठी प्रसिद्ध होती. ती म्हणाली, "सर, अव्वाचा खोकला बदललाय."

"खोकला काय परकर हाय का बदलायला," मागून कुणीतरी म्हणालं.

मुलं हसत होती. सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मुलं चुकीचं सांगतात तेव्हासुद्धा त्यांनी काहीतरी पाहिलेलं असतं, हे ते आयुष्यभर वर्गात अनुभवत आले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "कसा होता आणि कसा झाला? दोन्ही काढून दाखव."

अनुषाने आधी जुना काढला. तीन ओले, खोल ठसके, मग घशातून एक लांब खरखर आणि शेवटी सुस्कारा सोडल्यासारखं, "रामा."

"आणि आता?"

आता तिने कोरडे, आखूड ठसके काढले. एकावर एक, मध्ये श्वासाला जागा न ठेवता. मग ती थांबली.

"पुढे?"

"पुढं काय न्हाई सर. रामा म्हणतच न्हाई ती आता. तसंच बसते तोंड उघडं ठेवून."

सरांनी त्या दिवशीचा वर्ग तिथेच सोडला.

काशम्मा दाराशी भिंतीला टेकून बिड्या वळत होती. बोटं नेहमीसारखीच चालत होती. त्यांना बाकीच्या शरीराची खबरच नसावी. सर दोन हात लांब उभे राहिले.

"काशम्मा, एक काम करा. एका दमात अंक मोजून दाखवा. मुलांना सांगतो तसं सांगतोय."

"आता माजी परीक्षा व्हय सर?" ती हसली. "लिवता येत न्हाई, मोजता तर येतं की." आणि बिड्यांचं बंडल मोजावं तसं ती तेलुगूत मोजू लागली. "ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु..." सहाला तिने तोंड उघडलं, पण त्यातून आकडा आला नाही.

सुपातला हात थांबला. नागमणी चुलीपासून उठून दारात आली होती.

"मी फोन करतो," सर म्हणाले. "गाडी येईल."

"नगं सर." काशम्माने श्वास जमवला. "गल्ली बंद हुईल. परवा माल द्यायचाय. तेवडा दिऊ द्या... मग न्या कुटं बी."

तोवर अंबुबाई ओट्यावरून उतरून आली होती. "सर, तुमची पेन्शन बँकेत येतीया. पत्रे ठोकल्यावर बी येईल. आमी काय खायचं? आन तो खोकला जुना हाय, सगळ्या गल्लीला ठाऊक हाय."

"जुना होता," सर म्हणाले. "हा दुसरा आहे."

"तुमी डाक्टर कवापासनं झाला?"

सरांनी नागमणीकडे पाहिलं. नागमणी सासूच्या ओठांकडे बघत होती. तंबाखूने काळवंडलेले ते ओठ तिने रोज पाहिले होते, त्यामुळे त्यांवरचा निळेपणा तिला आत्ता कुठे दिसला.

"करा फोन," ती म्हणाली.

अंबुबाई परत फिरली. तिच्यामागे दोन-तीन दारं लागली.

गाडी आली तेव्हा दिवस कलला होता. पांढरा पोशाख घातलेल्या माणसाने काशम्माच्या बोटाला छोटं यंत्र लावलं, त्यातला आकडा बघितला आणि काही न बोलता स्ट्रेचर काढायला धावला. काशम्माने मात्र घाई केली नाही. कापलेली पानं तिने ओल्या फडक्यात नीट गुंडाळली, वरून आणखी पाणी शिंपडलं. "वाळली तर चुरा हुईल," ती सुनेला म्हणाली. "उद्या परत भिजीव." मग ती स्वतःच्या पायांनी गाडीपर्यंत चालत गेली. ते तिचं शेवटचं चालणं.

दवाखान्याच्या दारात एका तरुण डॉक्टरने नागमणीला भराभर विचारलं. शुगर? कधी तपासली न्हाई. बीपी? ठाऊक न्हाई. दम्याचा त्रास? खोकला हाय, जुना.

"बिडी ओढतात?"

"ओढत न्हाई. वळते."

डॉक्टरने पहिल्यांदा मान वर केली. "किती वर्षं?"

"ल्हान असल्यापासनं."

तो म्हणाला, "फुप्फुसं आधीच थकलेली असणार. हा आजार अशांनाच जास्त जड जातो. चार-पाच दिवस आधी आणलं असतं तर..."

नागमणीला तिथूनच, आणि अनुषाला घरून आणून, विलगीकरणासाठी एका वसतिगृहात ठेवलं. गल्लीला पत्रे लागले. घरोघर तपासणी झाली आणि आठ-दहाजण पॉझिटिव्ह निघाले. त्यांत अंबुबाईही होती. तिची शुगर खूप वाढलेली निघाली, ती तिलाच माहीत नव्हती. पण धाप लागण्याआधीच तिचा आजार सापडला होता. औषधं, इंजेक्शनं वेळेवर सुरू झाली आणि ती बरी होऊन घरी आली.

काशम्मा आली नाही. वसतिगृहाच्या पायरीवर नागमणीने फोन घेतला. स्मशानात दोघांनाच येता येईल, लांबून, असं पलीकडून सांगत होते. मुलगा भिवंडीहून निघू शकला नाही. नागमणी एकटीच गेली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी तिने लांबून पाहिलं आणि ते सासूच आहे असं समजून हात जोडले.

पत्रे निघाल्यावर ती घरी आली. फडकं कडक वाळून पानांना चिकटलं होतं. उचललं तसा पानांचा हातात चुरा झाला. तिने तो चुरा केराच्या टोपलीत टाकला नाही. चुलीत घातला, एकेक मूठ.

गल्ली सरांशी बोलत नव्हती. शिव्या कुणी दिल्या नाहीत. फक्त ते जाताना ओट्यांवरची बोलणी थांबत. अंबुबाई समोरून आली तर खाली बघून जाई. मुलं मात्र हळूहळू परत आली, आपापल्या गोलांत बसली. सरांनी पाढे घेतले, बेरजा घेतल्या. ऐकण्याचा खेळ घेतला नाही.

एका दुपारी धाकट्या एकाने हट्टच धरला. "सर, डोळे मिटायचा खेळ घ्या की."

सर फळ्याकडे वळले. मागे वळून बघितलं तर मुलांनी डोळे मिटूनही घेतले होते. अनुषानेही.

कात्र्या चालू होत्या. कुठेतरी नळाचं पाणी पडत होतं. बराच वेळ मुलं तेवढंच ऐकत बसली.

मग अनुषा खोकली. तीन ओले, खोल ठसके. घशातून लांब खरखर. आणि शेवटी सुस्कारा सोडल्यासारखं, "रामा."

गल्लीतली एकूणएक कात्री थांबली.

अंबुबाई ओट्यावर, हातातलं पान तसंच धरून, काशम्माच्या दाराकडे बघत होती. दारात नागमणी सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही.

थोड्या वेळाने एक कात्री चालू झाली. मग दुसरी, मग बाकीच्या. नागमणीची सगळ्यांत शेवटी.