मामाच्या घरचा क्यामशाफ्ट

चन्नप्पा बारदानवाल्याची गाडी सात रस्त्याच्या चौकात आली, की मागचा टांगेवाला न थांबता घोडा बाजूला घेऊन पुढे निघून जायचा. गाडी जुनी अँबॅसिडर होती, पिस्त्याच्या रंगाची, आणि चन्नप्पाच्या मते घरंदाज होती. घरंदाज माणसं रस्त्यावर पळत नसतात, असं तो सांगायचा. इंजिनाचं तेल मात्र तो दिवाळीच्या दिवाळी, तेही आठवण राहिली तर बदलायचा.

याच गाडीपायी मेहुण्याशी सहा वर्षं अबोला होता. विरुपाक्ष हा चन्नप्पाच्या बायकोचा, रत्नम्माचा, धाकटा भाऊ. अक्कलकोटच्या अलीकडे त्याची शेती. त्याच्या नव्या घराच्या घरभरणीला चन्नप्पा पोचला तेव्हा शेवटची पंगत उठून पत्रावळी उचलणं चाललं होतं. भर मांडवात विरुपाक्ष म्हणाला, "दाजी, गाडीला घुंगरू तरी बांधत जावा. न्हायतर उभी हाय समजून कुनी तरी म्हैस बांधंल की तिला." सगळा मांडव हसला. रत्नम्माही पदराआड हसली, आणि चन्नप्पाला जास्त झोंबलं ते हेच. तो हातही न धुता परत फिरला. गाडी सुरू व्हायला पाव तास लागला, त्यामुळे रागाने निघून जाण्यातही म्हणावी तशी शोभा राहिली नाही.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात चन्नप्पाच्या मुलीचं, गौरम्माचं, लग्न ठरलं. स्थळ नातेपुत्याचं. बोलणी करायला जाताना वाटेत दुधाच्या किटल्या लावलेला सायकलवाला गाडीच्या पुढे गेला, आणि जाताना त्याने मागे वळून हसून रामराम केला. व्याह्यांनी जेवण तीनदा गरम केलं, पण तोंडातून ब्र काढला नाही. त्या न बोलण्याने चन्नप्पाच्या जिवाला घोर लागला. पोरीची पाठवणी आपल्याच गाडीतून, आणि तीही वेगाने करायची, असं त्याने मनाशी ठरवलं.

गाडी कुंडलिक मिस्त्रीकडे गेली. कुंडलिकचे वडील पंचक्रोशीत सोयरिकी जुळवायचे. पोरगा मिस्त्री झाला, तरी वळण तेच राहिलं. त्याने इंजिन उघडलं आणि आतला एक दांडा काढून चन्नप्पाच्या हातात दिला. दांड्यावर अंड्यासारखे उंचवटे होते. हाच क्यामशाफ्ट. तो फिरतो तसे उंचवटे इंजिनाच्या झडपा उचलतात, पेट्रोल आत येतं, धूर बाहेर जातो. इथे उंचवटे झिजून पार सपाट झाले होते, म्हणून झडप अर्धीच उघडायची आणि इंजिन अर्धपोटी राबायचं.

नवा टाक, असं चन्नप्पाने सांगितलं. कुंडलिक म्हणाला, सोयरीक करायचीच तर वरच्या घराशी का करू नये? या इंजिनाचं विलायतेत मोठं खानदान आहे. तिथल्या एका पळणाऱ्या गाडीला हेच इंजिन, पण तिच्या शाफ्टाचे उंचवटे उंच. झडप जास्त उघडते, गाडी उधळते. तसला शाफ्ट इथे न कुरकुरता बसेल.

"आन् तसली गाडी हाय कुटं?" चन्नप्पाने विचारलं.

कुंडलिकने हात पुसले आणि जमिनीकडे बघत सांगितलं, की आपल्या माहितीत एकच आहे. मिलच्या गोऱ्या मास्तराने मायदेशी जाताना विकलेली. तुमच्या सासऱ्यांनी घेतलेली.

ती गाडी विरुपाक्षाच्या दारात कित्येक वर्षं मरून पडली होती.

चन्नप्पाने दुसरीकडे शोध घ्यायला लावला. भंगारातून एक दांडा आला, तो वीतभर जास्तच लांब निघाला. दुसरा आत गेला, पण फिरेना. "शेठ, नात्यातलंच लागतंय," कुंडलिकने निकाल दिला. हेच वाक्य रत्नम्मा घरी महिनाभर म्हणत होती, फक्त ती गाडीबद्दल बोलत नव्हती. नवरीला मांडवात आणायचं ते मामाने, आणि सख्खा मामा एकच होता. चन्नप्पाचा हट्ट असा, की आधी त्याने माफी मागावी. विरुपाक्षाचं म्हणणं असं, की थट्टेची माफी मागायची तर मेहुणा व्हायचं कशाला.

शेवटी शाफ्टासाठी चन्नप्पा एस.टी.ने निघाला, बरोबर कुंडलिक. निघताना रत्नम्माने कोटाच्या आतल्या खिशात हळद लावलेली लग्नपत्रिका सरकवली. चन्नप्पाने ती काढून ठेवली नाही.

विरुपाक्षाच्या अंगणात कडुनिंबाखाली ती विलायती गाडी उभी होती. मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसली होती. आणि पुढच्या बंपरला, चांगल्या जाड दाव्याने, म्हैस बांधलेली होती.

चन्नप्पाने म्हशीकडे पाहिलं. विरुपाक्षाने चन्नप्पाला म्हशीकडे पाहताना पाहिलं. म्हैस निवांत रवंथ करत होती. सहा वर्षांचं व्याज एका क्षणात हातात पडलं, पण ते तोंडाने मागणं बरं दिसलं नसतं. चन्नप्पाने नुसतं आभाळाकडे बघून ऊन फार असल्याचं सांगितलं.

"बर्री दाजी, या बसा," विरुपाक्ष म्हणाला आणि त्याने घोंगडं टाकलं. त्याच्या बायकोने, शांतम्माने, गूळपाणी आणलं. पुढचं सगळं बोलणं कुंडलिकमार्फत झालं. शेठना शाफ्ट पाहिजे, असं कुंडलिकने सांगितलं. न्या म्हणावं, असं विरुपाक्षाने सांगितलं. काय द्यायचं, असं विचारल्यावर मात्र तो सरळ चन्नप्पाकडे वळला. "गाडीला द्यायलोय, तुमाला न्हाय. भाची बसनार की तिच्यात."

चन्नप्पाचा हात कोटाकडे गेला. विरुपाक्षाची नजरही तिकडेच गेली, आणि शांतम्मा दारातच थबकली. पण चन्नप्पाच्या मनात आलं, आता पत्रिका दिली तर लोखंडाच्या बदल्यात अक्षता दिल्यासारखं होईल. त्याने रुमाल काढून घाम पुसला. विरुपाक्षाने म्हशीची गाठ उगाच पुन्हा आवळली. परतीच्या एस.टी.त चन्नप्पा म्हशीची आठवण काढून अक्कलकोट नाक्यापर्यंत हसत आला. हसून संपल्यावर त्याला वाईट वाटलं, आणि ते घरी पोचेपर्यंत काही गेलं नाही.

शाफ्ट बसला. गाडी होटगी रस्त्याला साठ मैलांनी पळाली, एक ट्रक आणि दोन बस मागे पडल्या, आणि चन्नप्पाने डोळ्यांत पाणी येईतो वारा खाल्ला. कुंडलिकने एवढंच बजावलं, "एकच हाय शेठ. ह्या शाफ्टाच्या घरात हळू चालायची रीत न्हाय." चन्नप्पाला ती स्तुती वाटली.

रत्नम्मा रोज विचारायची, पत्रिका दिली का. तो म्हणायचा, देतो. असं करता करता लग्नाचा दिवस उजाडला. मामा म्हणून रत्नम्माचा चुलतभाऊ ईश्वरप्पा याला मंगल कार्यालयात उभं करायचं ठरलं. हे ऐकून कुंडलिक म्हणाला, "चुलत चालतंय शेठ. पर वढायला पुलिंग कमी पडतंय."

सकाळी नवरीला सिद्धेश्वराच्या देवळात नेऊन कार्यालयाकडे निघायचं होतं. वाजंत्री पुढे, गाडी मागे. चन्नप्पा गाडी हाकत होता, शेजारी कुंडलिक, मागे गौरम्मा आणि रत्नम्मा. सनईने सूर धरला, गाडीने उचकी दिली. वाजंत्र्यांची चाल मुंगीची आणि इंजिन विलायती घोड्याचं. वीस मैलांच्या खाली आलं की ते थरथरायचं, खोकायचं आणि बंद पडायचं. देवळापासून सात रस्त्यापर्यंत ते अकरा वेळा बंद पडलं.

सात रस्त्यावर चन्नप्पाने शक्कल काढली. वाजंत्र्यांना पुढे चालू दिलं आणि गाडी वेगात चौकाला फिरवून आणली. तरी ते वीसच पावलं गेले होते. त्याने पुन्हा फिरवली. तिसऱ्या फेरीला पोलिसाने शिट्टी तोंडातून काढली आणि नुसता बघत राहिला. "अप्पा," गौरम्मा मुंडावळ्या सावरत म्हणाली, "तो पोलीस आता ओळखीचा झाला की."

चौथ्या फेरीला चौकाच्या बरोबर मध्यावर गाडी बंद पडली. सेल मारून मारून बॅटरी आधीच बसली होती. सातही रस्त्यांवर टांगे, सायकली आणि एक सरकारी जीप अडकली. मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा होता.

समोरच्या हॉटेलच्या पायरीवर विरुपाक्ष उभा होता. नवं धोतर, गुलाबी फेटा, काखेत कागदात गुंडाळलेली पिवळी साडी. बोलावल्याशिवाय मांडवात जायचं नाही, पण रस्ता काही दाजीच्या मालकीचा नाही, म्हणून भाचीला जाताना बघायला तो पहाटेच्या एस.टी.ने आला होता. चार वेळा बघून झाली होती.

रत्नम्माने काच खाली केली. "तम्मा," एवढीच धाकट्या भावाला हाक मारली आणि ती रडायला लागली.

विरुपाक्ष रस्ता ओलांडून आला. साडी खिडकीतून गौरम्माच्या मांडीवर ठेवली, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग पुढच्या खिडकीशी वाकला.

"दाजी," तो अगदी हळू म्हणाला, "म्हैस आनू का?"

चन्नप्पाला सहा वर्षांचा राग आठवायला हवा होता. पण त्याच्या डोळ्यांपुढे बंपरला बांधलेली ती रवंथ करणारी म्हैस आली आणि तो स्टेअरिंगवर डोकं टेकून हसायला लागला. हसता हसता कधी रडू आलं, ते त्यालाही कळलं नाही. विरुपाक्ष तोवर मागे जाऊन डिकीला हात लावून उभा राहिला होता.

चन्नप्पाने स्टेअरिंग कुंडलिककडे दिलं आणि खाली उतरून मेहुण्याच्या शेजारी खांदा लावला. मग थांबला, कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि घामाने भिजलेली, हळद उतरलेली पत्रिका बाहेर काढली.

"विरुपाक्षा," तो म्हणाला, "गौरीचं लगीन हाय. तू यायलाच पायजे."

विरुपाक्षाने पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि उघडून सावकाश, ओळीवर बोट फिरवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मागून जीपवाला हॉर्न वाजवत होता.

"बारा वाजून सात मिनिटं," तो म्हणाला. "आन् आता किती वाजल्यात?"

"बारा."

"मग ढकला की, दाजी."