नईमभाऊच्या फाटकावरचा खोटा डोळा

मी कॅमेरा बोलतोय. फाटकाजवळच्या खांबावरून तुमच्याकडे रोखून पाहणारा, लाल दिवा लुकलुकवणारा. घाबरू नका, केसही सावरू नका. माझ्यात काहीच टिपलं जात नाही. माझ्या डोळ्यात भिंग नाही, काळ्या प्लास्टिकची चकती आहे. पोटात दोन सेल आहेत. पाठीतून निघालेली वायर भिंतीच्या भोकात बोटभर जाते आणि तिथेच संपते. मी खोटा कॅमेरा आहे.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे शेजारच्या टेबलावर खरे कॅमेरे तयार व्हायचे. त्यांच्या दहा परीक्षा होत. आमची एकच. दिवा लागतो का? लागतो. पास. एवढ्या शिक्षणावर मी खोक्यात बसल्या बसल्या देशातली चोरी संपवायचा बेत केला. आधी एक अंगण, मग गाव, वर्षभरात जिल्हा. मला थांबायला वेळ नव्हता. आतून रिकामं असलं की असे बेत भराभर सुचतात.

मला अंगण मिळालं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहराच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या एका गावात. नईमभाऊंचं. त्यांच्याकडे सात जण बसतील अशी जुनी गाडी. लग्नाची वऱ्हाडं, चंद्रपूरच्या दवाखान्यात जाणारे आजारी लोक, परीक्षेला निघालेली पोरं, सगळ्यांना तीच नेते आणि त्यावरच घर चालतं. आसपासच्या गावांतून दोन गाड्या अंगणातून उचलल्या गेल्या होत्या. म्हणून शहजादीभाभींनी नवऱ्याला चंद्रपूरहून गिअरलॉक आणि फाटकाला साखळी आणायला सांगितलं होतं. नईमभाऊंनी मला आणलं.

"याच्यात चित्र कुठी दिसते?" भाभींनी मला उलटंपालटं करून विचारलं.

"दिसत नाई. पण चोराले थोडी माहीत आहे."

"चोराले माहीत नाई. पण तुमाले तर माहीत आहे ना? ते याद ठेवा म्हणजे झालं."

नईमभाऊ हसले आणि स्टुलावर चढून मला ठोकू लागले. मलाही त्या बाई जरा बुरसटलेल्या वाटल्या.

या भागात कॅमेऱ्याची फार इज्जत आहे. माझे चुलतभाऊ, वनखात्याचे, जंगलात झाडांना बांधलेले असतात. वाघ समोरून गेला की फोटो. पट्ट्यांवरून कोणता वाघ ते सांगतात. कुणी सरपणाची मोळी घेऊन गेला तर तोही फोटोत येतो आणि मग त्याला बोलावणं येतं. त्यामुळे कॅमेरा काय करतो हे इथे पोराटोरांनाही समजावून सांगावं लागत नाही. मी त्या भावांच्या नावावर जगलो. गाडीवर दुसऱ्याचं स्टिकर लावून मिरवावं, तसा.

पहिल्याच आठवड्यात गल्ली सुधारली. समोर राहणारा इतवारी नईमभाऊंच्या कुंपणाशी कचरा टाकायचा, ते बंद झालं. लोक माझ्यासमोरून जाताना ताठ चालू लागले. मी स्वतःला समाजसुधारक समजू लागलो. दिवा तर असा लुकलुकवायचो, जणू मला दर सेकंदाला एक नवा विचार सुचतोय.

मग हळूहळू दुसरंच घडलं. आधी नईमभाऊ फाटक ओढून घेत आणि काचा चढवून गाडी कुलूपबंद करत. आता फाटक उघडं राहू लागलं. पुढे किल्लीही गाडीतच राहू लागली. भाभी ओरडल्या की म्हणायचे, "कॅमेरा आहे ना." ज्या माणसाने मला स्वतःच्या हाताने ठोकलं, माझी वायर कुठे संपते हे ज्याने डोळ्याने पाहिलं, तोच माझ्या भरवशावर झोपू लागला. शेजारीही आपल्या मोटरसायकली माझ्याखाली आणून लावायला लागले. मला वाटलं, काय हा विश्वास. चोरांना दूर ठेवायला मी आलो होतो, आणि जागे होते त्यांनाच झोपवलं होतं.

मोहफुलांचे दिवस आले. नाल्याकडे पिल्लांवाली वाघीण फिरत होती. गावाने सभा घेऊन ठरवलं की ती दूर जाईपर्यंत मोह वेचायला कुणी जंगलात जायचं नाही. जो जाईल त्याला दंड. सभा नईमभाऊंच्या अंगणातच झाली, म्हणून मला ठाऊक. सगळ्यांत आधी हात वर केला तो शेजारच्या वच्छलाबाईंनी. "जीव मोठा का मोह मोठा?" असं विचारून त्यांनी दोन बायांना गप्पही केलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी, झुंजूमुंजू होताना, दोघे जण उघड्या फाटकातून सरळ आत आले. एकाने वर पाहिलं आणि घाईने गमछा तोंडाला गुंडाळला. माझी छाती फुगली. दुसरा म्हणाला, "सोड ना बे. खोटाच आहे हा. आमच्याही घरी आहे."

गाडीत किल्ली होतीच. पण ती गाडी सकाळी लवकर चालू होत नाही, तिला मनवावं लागतं आणि ते फक्त नईमभाऊंना जमतं. दोघांनी ती ढकलतच बाहेर नेली. मी सगळं पाहिलं. आत्मवृत्त सांगणाऱ्याला तेवढी सवलत असते. पण ओरडायला तोंड नव्हतं, ठेवायला आठवण नव्हती. मी काय केलं? दिवा लुकलुकवला. त्यांना उजेड पुरला असेल.

सकाळी अंगणात गल्ली जमली. नईमभाऊ गाडीच्या जागेवर, तेलाच्या डागाशेजारी उकिडवे बसले होते. हवालदार येऊन बघून गेले. म्हणाले, "जुनी गाडी आहे, नईमभाऊ. एकदा नदीपार गेली का मंग सुटे भागच भेटतात. आजच्या आज काही समजलं तर ठीक. फुटेज काढून ठेवा, संध्याकाळी येतो."

"काऊन टेन्शन घेऊन राह्यला भाऊ," इतवारी म्हणाला. "कॅमेऱ्यात आलंच असन ना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नईमभाऊंनी जमिनीकडे पाहिलं. "काढतो," एवढंच म्हणाले. कॅमेरा खोटा आहे हे सांगायची त्यांना लाज वाटली. मला तर पडून जावंसं वाटलं, पण मेला खिळा मजबूत होता.

आणि दुपारपासून माणसं येऊ लागली. एकेकटी, इकडे तिकडे बघत.

पहिला इतवारी. "भाभी, ते फुटेज पाहान तर... तुमची पपई गेलती ना? ते मीच तोडली होती. पिकून सडून राह्यली होती म्हून."

"मी तर माकडाले शिव्या देल्या," भाभी म्हणाल्या.

"मले ऐकू आल्या ना."

मग कॉलेजात जाणारी मोनाली. "भाभी, मी एका मुलाच्या गाडीवरून कोपऱ्यावर उतरते. तेवढा भाग काढून टाकता येते का?"

"पाहते," भाभी गंभीरपणे म्हणाल्या. आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसल्या, आणि हसता हसता रडल्या. गाडी गेलेलीच होती.

ऊन कलल्यावर वच्छलाबाई आल्या. बसल्या नाहीत.

"शहजादी, तुह्या त्या डब्ब्यात मी दिसली असन. पहाटे, टोपली घेऊन."

"कुठी गेलती, बाई?"

"कुठी जाईन? मोहाले. सभेत मीच मोठ्या तोंडानं बोलली होती. आता लोक हासतीन, दंड घेतीन." मग आवाज खाली आला. "गाडी मी पाहिली. दोघं ढकलत नेत होते, नहराच्या काठच्या रस्त्यानं, बंद राईस मिलीकडे. मले वाटलं, नईमचीच माणसं असतीन, बंद पडली असन. मंग सकाळी समजलं. पण सांगू कशी? सांगितलं तर पहाटे तू तिथी काय करत होती, हे पुसतीन ना."

भाभींनी नवऱ्याला हाक मारली, नवऱ्याने हवालदारांना फोन लावला. ते आले तशी गल्लीही पुन्हा आली. हवालदारांनी आधी फुटेज मागितलं. नईमभाऊंनी मान वर केली.

"साहेब, फुटेज नाई. कॅमेरा खोटा आहे. वायर भिंतीतच संपते."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग इतवारीचा आवाज आला, "म्हणजे पपई मी फुकटच कबूल केली?"

मोनाली तोंड लपवून पळाली.

"मंग राईस मिलीचं कोणी सांगितलं?" हवालदारांनी विचारलं.

नईमभाऊंनी भाभींकडे पाहिलं. भाभींनी हळूच मान हलवून नाही म्हटलं. ते नाव घ्यायला त्या घरातलं कुणीच तयार नव्हतं, आणि गाडी त्यांचीच होती. आता तर वच्छलाबाईंना घाबरायचं कारणही उरलं नव्हतं. डोळा खोटा निघाला होता. त्या गुपचूप घरी जाऊ शकत होत्या.

त्या पुढे आल्या. "मी पाहिलं. मोहाले गेलती. चला, जागा दाखवते. दंड नंतर घ्या."

गाडी राईस मिलीतच सापडली, कोंड्याच्या ढिगाआड. बॅटरी उघडून ठेवलेली, एक सीट काढलेली. ते दोघेही तिथेच सापडले. गाडी कशी चालू करायची यावरून भांडत होते. वच्छलाबाईंचा दंड गावाने माफ करायचा म्हटलं, तर त्याच अडून बसल्या. "ठराव मी केला, मंग दंड बी मीच भरीन."

आता गाडीला गिअरलॉक आहे, फाटकाला जाड साखळी आहे आणि किल्ली रात्री भाभींच्या उशाखाली असते. नईमभाऊ दोनदा ओढून बघतात, मग झोपतात.

मला काढायला मात्र कुणाला सवड झाली नाही. सेल संपले, दिवा विझला. माझ्या डोळ्यावर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलंय. उभ्या आयुष्यात मी राखलेलं हे पहिलंच घर, आणि तेही तिचं तीच राखते.

तुमच्या फाटकावर माझा एखादा भाऊ असेल तर त्याला राहू द्या, बिचारा पोटासाठी डोळे वटारतो. पण त्याच्या भरवशावर फाटक उघडं ठेवू नका. आणि काही पाहिलं असेल तर सांगून टाका. कुणी तुम्हाला पाहिलंय का, याची वाट बघू नका. मी जिल्हा सुधारायला निघालो होतो, इथवरच पोहोचलो.

वाघीण आता दूर गेली आहे. वच्छलाबाई पहाटे राजरोस टोपली घेऊन निघतात. माझ्याकडे बघतही नाहीत. फाटकाशी थांबून साखळीला हात लावतात. सैल लागली की तिथूनच हाक येते.

"शहजादी, साखळी."

आणि आत दिवा लागतो. खरा.