दोराने ओढलेलं घर

मी एक जुनी घरगाडी आहे, मित्रांनो. घरगाडी म्हणजे चाकांवरचे घर. त्याआधी मी शाळेची बस होते. ते दिवस संपल्यावर कारखान्यातून निवृत्त झालेल्या उत्तरेश्वर काकांनी मला घेतले. बाकडी काढून दोन पलंग, शेगडीचा ओटा आणि भांड्यांचे मोठे कपाट बसवले. पत्नी मथुराबाईंना घेऊन ते पार गोकर्णापर्यंत फिरून आले. वाटेत मुले माझ्या काचेला नाक लावून आत बघत. तेव्हा मी किती सुखात होते!

पुढे काका गेले. त्यांची इमारत नव्याने बांधण्यासाठी पाडली आणि काम अर्धवटच राहिले. मथुराबाई आणि त्यांची लेक दीपमाला माझ्यातच राहू लागल्या. नोकरी आणि आईची औषधे यांतून दीपमालाला माझ्या इंजिनाकडे बघायला सवड मिळेना. रेडिएटरचा पाइप फुगला होता. खाली थेंब थेंब पाणी गळत होते.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी आम्ही साताऱ्याहून पुण्याला परतत होतो. कात्रजचा बोगदा संपून उतार लागला आणि पाइप फुटला. वाफेचा लोट उठला. दीपमालाने मला कशीबशी डाव्या कडेला घेतले. चारही इंडिकेटर लावले, चाकांपुढे दगड ठेवले, बरेच मागे जाऊन लाल त्रिकोण उभा केला आणि क्रेनवाल्याला फोन लावला.

तो म्हणाला, "यायला संध्याकाळ होईल. तोवर दोराने ओढू नका हं मॅडम. इंजिन बंद असलं की ब्रेक लागत नाही नीट. आणि आत कुणी बसू नका."

पण मथुराबाई उतरायला तयार नव्हत्या. "एक घर गेलं. यातून मी उतरणार नाही," एवढेच त्या म्हणत. उन्हाने त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. शेजारून ट्रक गेला की मी हादरायचे. मागे रांग लागली. एका गृहस्थांनी काच खाली केली. "अहो, घर बांधायला हीच जागा मिळाली का?"

शंभू नावाचा ट्रकवाला मात्र थांबला. त्याला खरोखर दया आली होती. "ताई, दोर हाय माझ्याकडं. खालच्या पंपापर्यंत सोडतो."

दीपमालाने आईकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलवली.

"पण आई, तू उतर."

"तू आत बसणार ना? मग मी पण."

"मला स्टिअरिंग धरावंच लागेल. तू आत असलीस तर माझं रस्त्यावर लक्ष लागणार नाही. पाया पडते तुझ्या."

मथुराबाई उतरल्या आणि कठड्यापलीकडे झाडाखाली जाऊन बसल्या.

शंभू हळूच निघाला. थोड्या वेळाने त्याच्या पुढची मोटार अचानक थांबली, म्हणून तोही थांबला. दीपमालाने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पेडल दगडासारखे घट्ट झाले होते. तिचा सगळा भार मला कळत होता, पण मला थांबता येईना. मी ट्रकवर आदळले. कपाट उखडून मथुराबाईंच्या पलंगावर कोसळले आणि पलंग मधोमध मोडला. पुढचा पत्रा दीपमालाच्या पायावर दाबला गेला.

"ताई, माझं चुकलं ओ!" शंभू रडत तिला बाहेर ओढत होता. मथुराबाई अनवाणी उतारावरून धावत आल्या.

संध्याकाळी क्रेन आली. तिने मला उचलून सोबत आणलेल्या सपाट ट्रकवर ठेवले, चारही चाके साखळ्यांनी बांधली. त्या प्रवासात मला एक ओरखडासुद्धा आला नाही. पण वाचवण्यासारखे उरले होते काय?

आता मी येरवड्याच्या एका भंगार अड्ड्यात उभी आहे. मायलेकी सदाशिव पेठेत एका नातेवाइकाच्या खोलीत राहतात. दीपमाला काठी घेऊन चालते. एकदा दोघी आल्या होत्या. मोडक्या पलंगावर हात ठेवून मथुराबाईंनी विचारले, "आता कुठे जायचं गं?"

मित्रांनो, तुमच्या गाडीखाली पाणी दिसले तर घरी लगेच सांगा. गाडी बंद पडली तर आधी माणसे उतरवून रस्त्यापासून लांब न्या. क्रेनची वाट बघा. मागचे हॉर्न वाजवतील, टोमणे मारतील, मारू द्या. उद्या मला कापणार आहेत, म्हणून आजच सांगून ठेवते.