एकोणनव्वदची भीती

मी एक जुनी संख्या आहे, आठ लाख नव्वद हजार सहाशे तेवीस. मित्रांनो, मोजणारे कुणी नव्हते तेव्हाही मी होतेच. पण रंग लागला तो सेलूच्या जिनिंगमध्ये. तिथे काम करणाऱ्या आश्रुबांनी मला कापसाच्या गठाणीवर रंगवले आणि घरी जाऊन लेकीला सांगितले, "रुख्मिणे, आज लय मोठा आकडा लिहिला बघ!"

सातवीतल्या रुख्मिणीला परभणीच्या गणित प्रदर्शनासाठी मोठी मूळ संख्या हवी होती. मूळ म्हणजे एक आणि स्वतःशिवाय जिला कशानेच निःशेष भाग जात नाही अशी. तिने मला वहीत उतरवले. पण मी मूळ नाही. एकोणनव्वदने मला पुरता भाग जातो, आणि हे मी जन्मभर लपवले होते.

सिद्धोधन सर एकेक मूळ संख्या तोंडी सांगत, रुख्मिणी भागाकार करी. दोन, तीन, पाचने भाग गेला नाही. सातने सहा उरले, अकराने आठ. "लय चिवट हाय सर ही!" ती कौतुकाने म्हणाली. मी मात्र पुढचे आकडे मोजत होते. त्र्याऐंशी झाले आणि सर म्हणाले, "आता एकोणनव्वदनं भाग."

रुख्मिणीने लिहिले ९९. बाकी उरली एकोणीस.

मी वाचले! नऊशे चव्वेचाळीसचा वर्ग माझ्यापेक्षा मोठा, म्हणून त्याच्या अलीकडेच थांबायचे होते. दोन वह्या भरल्या, तरी मला कुठेच भाग गेला नाही. रुख्मिणीने तक्त्यावर माझ्याखाली लाल अक्षरांत 'मूळ' लिहिले आणि एसटीत भेटेल त्याला सांगितले. तक्त्याच्या गुंडाळीत माझा जीव घुसमटत होता. आता मला तिच्यासाठीच भीती वाटू लागली होती. चारचौघांत पोरीचे हसे झाले तर?

परभणीत परीक्षक राजेश्री मॅडमनी वही उघडली. त्यांचे बोट एका ओळीवर थांबले.

"त्र्याऐंशीनंतर नव्व्याण्णव कसा आला गं?"

"सर एकोणनव्वद म्हणले व्हते, मॅडम..." बोलता बोलताच रुख्मिणीचा चेहरा उतरला. नव्वदला एक कमी! तिने पेन्सिल घेतली, ८९ लिहिले आणि सगळ्यांसमोर भागाकार मांडला.

"काईच उरलं न्हाई," ती पुटपुटली. मग डोळे पुसून तिने लाल 'मूळ' खोडले आणि शेजारी लिहिले, ८९ × १०००७.

मित्रांनो, तिला बक्षीस मिळाले नाही. आम्हा संख्यांना वहीत जपून उतरवा. 'एकोण' कानावर पडला की क्षणभर थांबा. आणि तरीही चूक झालीच, तर ती खोडणाऱ्याला हसू नका. मी फुटले तेव्हा मला काहीच दुखले नाही. पण 'मूळ' खोडण्याआधी त्या पोरीने डोळे पुसले, ते मी जवळून पाहिले आहे.