मैंदर्गी नावाची बोट

"धुळाप्पा, हिकडं बघ की. तुझं मस्कत!"

ईश्वरप्पानं मोबाईल थेट त्याच्या नाकासमोर धरला. धुळाप्पा एका सबमर्सिबल मोटरीची जळालेली तार उपसत बसला होता. अक्कलकोट रोडवर ईश्वरप्पाचं हार्डवेअरचं दुकान, आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून धुळाप्पाचं पंप दुरुस्तीचं. ईश्वरप्पा कालच सहकुटुंब मस्कतची सहल करून आला होता. आज सकाळपासून गिऱ्हाईक सोडून तो शेजाऱ्यांना फोटो दाखवत फिरत होता.

धुळाप्पानं चिंधीला हात पुसले. चोवीस वर्षं त्यानं मस्कतला काढली होती, बोटींच्या इंजिनांचा मेकॅनिक म्हणून. परत येऊन चार वर्षं झाली होती. फोटो बघायला त्याला आवडणारच होतं. किल्ला झाला, खजुराचा बाजार झाला, मग समुद्र आला. ईश्वरप्पा, त्याची बायको आणि सुना, सगळे केशरी जाकिटं घालून एका मोटरबोटीत बसले होते.

"डॉल्फिन बघाय गेलतो. बोटवाला पोरगा आपल्याकडचाच निघाला. बार्शीचा! मराठी ऐकून असा खूष झाला, इचारू नको. रोज दोन-दोन फेऱ्या मारतो म्हणला."

धुळाप्पानं फोटो बोटांनी मोठा केला. बोटीच्या कडेला स्टीलचा कठडा होता. त्याचा तिसरा जोड किंचित वाकडा होता. तो जोड लावताना धुळाप्पाचा उजवा हात भाजलेला होता आणि डाव्या हातानं वेल्डिंग केलं होतं. पुढे नावाच्या जागी गुलाबी रंगात मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'डॉल्फिन क्वीन' असं रंगवलेलं होतं.

"वळखीचा हाय का रं पोरगा?" ईश्वरप्पानं विचारलं.

"न्हाय," धुळाप्पा म्हणाला, आणि पुन्हा मोटरीवर वाकला.

ती बोट त्याची होती. तिचं नाव डॉल्फिन क्वीन नव्हतं. तिचं नाव 'मैंदर्गी' होतं, आणि ते त्यानं स्वतः निळ्या रंगानं, मराठी अक्षरांत लिहिलं होतं.

मैंदर्गी या आपल्या गावच्या माळावर मेंढरांमागे फिरत तो वाढला. तळ्यापेक्षा मोठं पाणी त्यानं चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं, तेही विमानाच्या खिडकीतून. मस्कतला तो सालिम नावाच्या एका अरबाच्या बोटयार्डात कामाला लागला. एका वादळात फुटलेली चोवीस फुटी बोट यार्डाच्या कोपऱ्यात पडून होती. मालकानं तिच्यावर पाणी सोडलं होतं. "तुला दुरुस्त करता आली तर तुझी," असं सालिम सहज बोलून गेला. धुळाप्पानं ते सहज घेतलं नाही. शुक्रवारी सुट्टी असायची. सोबतचे लोक झोपायचे, पत्ते खेळायचे, घरी फोन लावायचे. धुळाप्पा तीन वर्षं दर शुक्रवारी तिची फुटलेली अंगं सांधत बसला. भंगारातल्या दोन इंजिनांचं मिळून त्यानं एक इंजिन केलं. ते पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा यार्डातली माणसं काम सोडून बघायला आली.

तिथल्या कायद्यानं बोट सालिमच्या नावावर चढली. पण सालिमनं कागदावर लिहून दिलं, की ही धुळाप्पाची. पुढची आठ वर्षं दर शुक्रवारी पहाटे तो एकटा बोट घेऊन जायचा. मासे धरायचा नाही. किनारा दिसेनासा झाला की इंजिन बंद करायचा आणि नुसता बसायचा. आठवडाभर दुसऱ्याचं ऐकणाऱ्या माणसाला तिथं कुणी काही सांगत नसे.

साठीच्या आसपास व्हिसा संपला, गुडघेही बोलायला लागले. येताना बोट त्यानं सिदूकडे सोपवली. सिद्धनाथ हा त्याच्या बायकोच्या बहिणीचा मुलगा. बार्शीला आयटीआय करून रिकामा बसला होता, त्याला धुळाप्पानंच यार्डात चिकटवलं आणि कामही शिकवलं. "शेडातनं बाहिर काढायची न्हाय. आठवड्याला इंजिन तेवढं चालू करत जा," त्यानं सांगितलं होतं. आणि सिदू चार वर्षं दर शुक्रवारी न चुकता इंजिन चालू केल्याचा व्हिडिओ पाठवत होता. धुळाप्पा दुकानाच्या पायरीवर बसून, मोबाईल कानाला लावून, डोळे मिटून तो आवाज ऐकायचा. बोट विकून टाका, असं किती जणांनी सुचवलं. तो म्हणायचा, "असू दे की. खाती काय ती?"

त्या दुपारी त्यानं शटर अर्धं ओढलं आणि जुने व्हिडिओ एकामागून एक लावले. या वेळी डोळे उघडे ठेवून. सिदूच्या अंगात कधी निळा शर्ट होता, कधी चौकड्याचा, कधी पिवळा बनियन. पण पहिले काही महिने सोडले, तर शेडाच्या खांबाची सावली दर वेळी बोटीच्या त्याच फळीवर, त्याच खिळ्यापाशी पडलेली होती. उन्हाळ्यात तीच, थंडीत तीच. एका दिवशी शर्ट बदलून बदलून सगळे काढून ठेवलेले. आणि मग दर शुक्रवारी एकेक सोडलेला.

घरी येऊन त्यानं सिदूला फोन लावला. बाळाबाई, त्याची बायको, आत भाकरी थापत होती.

"सिदू, बोट कुटं हाय?"

"शेडात की, काका. परवाच व्हिडिओ..."

"ईश्वरप्पा तुझ्या बोटीत बसून आला. लई चांगला पोरगा हाय म्हणतोय."



"काका, रागाऊ नका. तुमी गेल्यावर सहा म्हैन्यात इंजिन जाम झालं हुतं. उभी राहून मरत हुती ती. तुमीच शिकवलं न्हवं का, बोट पाण्यात पायजे म्हणून? मी नीट केली. चालवली. खोटं सांगत न्हाय."

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

"सांगणारच हुतो. पर..."

"पर काय?"

"सालिमशेठ आजारी, ते यार्डात येत न्हाईत. तुमची परवानगी हाय म्हणून मी त्यास्नी सांगितलं..."

"मी ते इचारलं न्हाय. शर्ट बदलून व्हिडिओ काढायची अक्कल कुणाची?"

सिदू रडवेला झाला. "मावशीला इचारा, काका."

आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता.

धुळाप्पा स्वयंपाकघराच्या दारात गेला. बाळाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपायला लागली.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"इंजिन बंद पडलं तवापासनं. त्यानं मला फोन केला. काकास्नी सांगू का म्हणला. मी म्हणलं, न्हाय सांगायचं. चालव म्हणलं तू. आनि त्यास्नी दर शुक्रवारी काय तरी दावत जा."

"का?"

बाळाबाईनं चिमट्यानं तवा खाली उतरवला. पिठाचे हात पदराला पुसले. तिला एवढं सलग बोलताना त्यानं क्वचितच ऐकलं होतं.

"सांगितलं असतं तर तुमी दुसऱ्या दिवशी इमानात बसला असता. इंजिन नीट कराय म्हणून गेला असता आनि ऱ्हायला असता. चोवीस वर्सं मी हितं काढली. दोन वर्सातनं एकदा तुमी यायचा, म्हैनाभर. त्यातबी बोटीचंच. पोरीचं लगीन मी ठरवलं, सासूबाईंचं दुखणं मी काढलं. म्हणलं, आता आलाय तर ऱ्हाऊ द्यात हितं. म्हणून केलं मी."

"मला येड्यात काढलं दोघांनी मिळून."

"व्हय. काढलं."

"दर शुक्रवारी मी पायरीवर बसून ऐकायचो. तू च्या आणून द्यायचीस. च्या देताना तुला काय वाटायचं न्हाय?"

तिनं परातीतलं पीठ झाकलं. मग म्हणाली, "वाटायचं."

तो न जेवता बाहेर जाऊन बसला.

त्यानंतर चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ती ताट वाढायची, तो जेवायचा. दुकानात तारा गुंडाळताना त्याच्या डोक्यात तेच चालायचं. सिदूनं बोट पळवली, याचा त्याला वाटला तेवढा राग येत नव्हता. उलट इंजिन जाम झालेलं पोरानं एकट्यानं सोडवलं, हे ऐकून आतून कुठंतरी बरंच वाटलं होतं. शिकवलेलं वाया गेलं नव्हतं. पण चार वर्षं तो ज्याची वाट बघत शुक्रवार मोजत होता, ते कुठंच नव्हतं. आणि ते नाही हे घरातल्या माणसाला माहीत होतं. डोळे मिटून बसलेला आपला चेहरा तिनं किती वेळा बघितला असेल, हा विचार आला की त्याला स्वतःचीच लाज वाटायची.

सिदूचे रोज फोन येत होते. शेवटी त्यानं एकदा उचलला.

"काका, बोट माझ्याकडंच असू द्या. नाव परत रंगवतो. तुमी म्हणाल तसं."

"तुला नोकरी मी लावली. ती हाय तुझी, ती कुणी घेत न्हाय. बोट न्हाय मिळायची."

"मग काय करणार तुमी तिचं? तुमी तर येणार न्हाय."

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच धुळाप्पानं फोन ठेवला आणि सालिमला लावला. सालिमचा आवाज खूप थकला होता. झालेलं कळल्यावर म्हाताऱ्यानं त्याची दोन-दोनदा माफी मागितली. तिकडच्या सूर गावचा एक कोळी, खमीस, ही बोट मागच्या कितीतरी वर्षांपासून मागत होता. त्याला द्या, धुळाप्पा म्हणाला. सालिमनं विचारलं, तू एकदा येऊन बघून जात नाहीस का, तिकीट मी काढतो. धुळाप्पानं नको म्हणून सांगितलं. सालिम म्हणाला, कागद माझ्या नावावर असला तरी बोट तुझी आहे, तुझी सही आल्याशिवाय मी विकणार नाही.

पाचव्या दिवशी सकाळी धुळाप्पा अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार झाला. बाळाबाई भांडी घासत होती.

"सहीला साक्षीदार लागतो," तो म्हणाला. "चल."

धुवट लुगडं नेसून ती आली.

कोर्टासमोर झाडाखाली टाईपवाले बसतात. त्यांतल्या एकानं कागद तयार करून दिला. वकिलानं वाचून दाखवला. मी धुळाप्पा, माझ्या मालकीची मोटरबोट, राजीखुशीनं.

"राजीखुशीनंच ना, काका?" वकिलानं सवयीनं विचारलं.

धुळाप्पानं पेन घेतलं आणि सही केली. मग कागद बाळाबाईकडे सरकवला. साक्षरतेच्या वर्गात ती सही शिकली होती, तो मस्कतला असताना. तिनं जीभ दाताखाली धरून एकेक अक्षर काढलं.

"कंची बोट वो ती? मी एकदाबी बसली न्हाय तिच्यात," ती हळूच म्हणाली. वकिलाला की त्याला, ते कळलं नाही.

धुळाप्पानं तिच्याकडे बघितलं. बोटीच्या अकरा वर्षांत तिला एकदा तिकडं न्यावं, हे आपल्या मनातसुद्धा आलं नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं. पण ते कळून राग काही कमी झाला नाही. दोघं शेजारी शेजारी बसून राहिले.

कागद कुरिअरला टाकून ते रस्त्यावर आले. ऊन चढलं होतं. समोरच्या टपरीवर त्यानं दोन चहा सांगितले. तिनं आपला घाईनं बशीत ओतून पिऊन टाकला आणि रिक्षा थांबवली. मागच्या सीटवर ती अगदी कडेला सरकून बसली. शेजारी बरीच जागा मोकळी राहिली.

"चला की, मामा," रिक्षावाला ओरडला.

धुळाप्पानं उरलेला चहा सावकाश संपवला. टपरीवाल्याचे पैसे दिले. रिक्षाजवळ येऊन तो क्षणभर थांबला, आणि पुढे जाऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसला.