मुद्दा खोडणारा माणूस

आमच्या गुरुजीला चहा नसला तरी चालतं, भाकर उशिरा मिळाली तरी चालतं, पण सकाळी सकाळी "तुझं चूक हाय" म्हणणारं कोणीतरी लागतं. बायकोनं म्हणलेलं त्यात धरत न्हाईत. मी सत्तेचाळीस वर्सं झाली म्हणून राहिले, पण भांड्यायचा आवाज समजून सोडून देतात.

गुरुजी म्हणजे माझे मालक, अमृतराव. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्सं मास्तर व्हते. आख्खं कुरुंदा त्यायला गुरुजी म्हणतं, मंग मी बी तेच म्हणते. आन् "तुझं चूक हाय" म्हणणारा माणूस म्हणजे उकंडराव. दोघं पहिलीपासनं एका वर्गात. सातवीत उकंडराव नापास झाले आन् औताला लागले, गुरुजी पुढं शिकत गेले. दोस्ती काही तुटली न्हाई. गुरुजी रिटायर झाल्यापासनं तर रोज सकाळी सहाला उकंडराव आमच्या ओट्यावर हजर. गुरुजीनं पेपर मोठ्यानं वाचायचा आन् दुसऱ्याच ओळीला उकंडरावनं हात वर करायचा, "थांब अमृता. हे पटलं न्हाई." की जुंपली. पावसाच्या अंदाजावरनं जुंपायची, हळदीच्या भावावरनं जुंपायची. एकदा तर केस उगवायच्या तेलाच्या जाहिरातीवरनं जुंपली, आन् दोघायच्या बी डोक्यावर केस न्हाईत. विहारातल्या अभ्यासिकेत परीक्षेचा अभ्यास करणारी लेकरं जाता-जाता थांबून ऐकायची. त्यायला बी मजा यायची.

बिघडलं ते मागल्या दसऱ्याला. आता आमच्या माणसाची एक खोड सांगते. गावातल्या हरेक माणसाचा निकाल ह्यायला पाठ हाय. सरपंच समोर आले की ह्यायला त्यायचे गणितातले अकरा मार्क दिसतात. किती डाव सांगितलं, अवो, लोकं मोठी झाली, नातवंडं झाली त्यायला, विसरा आता. न्हाई. तर त्या दिवशी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, विहारात गुरुजीचं भाषण व्हतं. वसमतचे पाव्हणे, गळ्यात हार, हातात माईक. मधीच उकंडराव उभे राहिले, "थांब, हे पटलं न्हाई." आन् आपला मुद्दा मांडला. रोजचंच की ते! पण माईक हातात आला की मास्तर अंगात येतो. गुरुजी म्हणले, "उकंडा, खाली बस. सातवी नापास माणसानं मधी बोलू नये."

समदं विहार हसलं. उकंडराव खाली बसले न्हाईत. बाहेर गेले, चपला घातल्या आन् घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा रिकामा.

गुरुजी म्हणले, "येईल उद्या." दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी म्हणलं, "तुमी जावा की." तर म्हणले, "मी खोटं काय बोललो? निकाल हाय तो." धन्य हाय बाप्पा तुमची, म्हणलं मी, आन् पाठ फिरवली.

ओटा रिकामा राहू नये म्हणून गुरुजीनं प्रेमानंदला धरून आणलं. प्रेमानंद म्हणजे पोष्टातून रिटायर झालेला, लई गुणाचा माणूस. गुरुजीनं काहीबी म्हणावं, हा मान हलवणार, "बराबर हाय गुरुजी." गुरुजी म्हणले, यंदा पाऊस लवकर. "बराबर हाय." मंग गुरुजी मुद्दाम म्हणले, यंदा पाऊस उशिरा. "ते बी बराबर हाय." गुरुजीचा चेहरा असा झाला जसं कोणी अळणी वरण वाढलं.

त्यातच भाषणाचं निघालं. आमचा मोठा, धम्मदीप, नांदेडला कॉलेजात इतिहास शिकवतो. चौदा एप्रिलच्या आधी विहारात व्याख्यानमाला असते, त्यात त्यानं बापाला विषय दिला, यहुदी लोकायचे रब्बी आन् त्यायच्या पाठशाळा. कागदायचा हा गठ्ठा आणून दिला. रब्बी म्हणल्यावर मी विचारलं, हरभरा का गहू? गुरुजीनं चष्म्यावरून बघितलं. रब्बी म्हणजे त्यायचे गुरुजी, म्हणले, आन् येशिवा म्हणजे पाठशाळा.

आमच्या घरी भाषणाची तालीम माझ्यासमोर असते. मी शेंगा फोडत बसते, ते बोलतात. मी आपली चौथी पास, पण कान शाबूत हाईत.

पहिली गोष्ट सांगितली ती एका म्हाताऱ्या रब्बीची. रोमी फौजेनं यरुशलेमला वेढा दिला व्हता. बाहेर कोणाला सोडत न्हाईत. तर शिष्यायनं ह्या म्हाताऱ्याला मेला म्हणून शवपेटीत घातलं, खांद्यावर घेतलं आन् वेशीतून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर हा उठला आन् थेट रोमी सेनापतीकडं गेला. सेनापती म्हणला, माग काय मागतोस. त्यानं सोनं मागितलं न्हाई. यवने नावाचं एक बारकं गाव मागितलं, तिथल्या पंडितायसकट. पुढं देऊळ जळालं, शहर पडलं, पण यवनेची पाठशाळा राहिली, आन् तिच्यावर ते लोक टिकले. हे सांगताना गुरुजीचा आवाज भरून आला. ह्यायचा बाप शाळेच्या बाहेर बसून शिकलेला, मला ठावं हाय ते. माझ्या बी हातातली शेंग तशीच राहिली.

पण तसं दाखवलं की हे चढून बसतात. म्हणून म्हणलं, "त्याच्या बायकोला आधी सांगितलं व्हतं का, का ती बिचारी खरंच रडत बसली?"

"ते कागदात न्हाई."

"कसं असंल? कागद पुरुषायनं लिहिलेला."

दुसरी गोष्ट अकीवाची. हा चाळीस वर्सापोस्तोर मेंढरं वळायचा, अक्षर ठावं नव्हतं. मंग आपल्या लेकरासंगं मास्तरापुढं जाऊन बसला आन् पाटीवर अक्षरं गिरवली. बायकोनं हालात दिवस काढले, त्याला शिकायला धाडलं. वर्सायनं हजारो शिष्य घेऊन परतला, तर ती फाटक्या लुगड्यात गर्दीतून पुढं आली. शिष्य ढकलून राहिले तिला. तर अकीवा म्हणला, सोडा तिला, माझं आन् तुमचं जे काय हाय ते समदं तिचं हाय.

"हे मोठ्या अक्षरात लिहा," म्हणलं मी, "आन् माईकवर दोनदा वाचा."

गुरुजी हसले. दसऱ्यानंतर पहिल्यांदा हसले असतील.

तिसऱ्या दिवशी ह्यायनं सांगितलं, त्या पाठशाळेत मुकाट वाचत न्हाईत. दोघं-दोघं समोरासमोर बसतात, एक ओळ वाचतात आन् तिच्यावर मोठमोठ्यानं भांडतात. समदी खोली गोंगाटानं भरलेली. जितकं भांडण तितका अभ्यास पक्का. मी ओट्याकडं बघितलं. गुरुजी बी ओट्याकडं बघून राहिले. तिथं प्रेमानंद बसलेला व्हता, मान हलवून राहिला व्हता.

"आता शेवटची," गुरुजी घाईघाईनं म्हणले. "योहानान नावाचे मोठे रब्बी व्हते. त्यायचा जोडीदार लकीश. लकीश मरण पावला. लोकायनं दुसरा हुशार जोडीदार दिला. तो योहानानच्या हरेक बोलण्याला आधार काढून द्यायचा, तुमचं बराबर हाय, ह्याला अमका दाखला हाय. योहानान म्हणले, मी बरोबर हाय हे मला ठावं न्हाई का? लकीश माझ्या एका बोलण्यावर चोवीस हरकती काढायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, तवा कुठं ज्ञान उजळायचं. आन् ते रस्त्यानं लकीशला हाका मारत फिरले, त्यायचं चित्त गेलं आन् त्यातच वारले. संपलं. जय भीम."

मी म्हणलं, "लकीश कशानं मेला?"

"आजारी पडला."

"काहून?"

"माणूस आजारी पडतो की!"

"अवो, आत्तापोस्तोर हरेकाची बारीक-बारीक गोष्ट सांगितली. पेटी सांगितली, फाटकं लुगडं सांगितलं. आन् हा आपला नुसता आजारी?"

गुरुजी कागद गोळा करायला लागले. मी उठून त्यातला वरचा ओढून घेतला. धम्मदीपनं आणलेला छापील कागद व्हता, शेंदरी पेनानं खुणा केलेल्या. एवढ्या एका जागी खूण नव्हती. मी बोट ठेवून एक-एक शब्द वाचत गेले. मला येळ लागतो, पण मी वाचते.

लकीश आधी दरोडेखोर व्हता. योहानाननंच त्याला वळवलं, शिकवलं, आपली बहीण देऊन सोयरा केला. एक दिवस पाठशाळेत तलवार-सुरीवरनं दोघायचा वाद लागला. लकीशनं मुद्दा खोडला. तर योहानान समद्यायसमोर म्हणले, दरोडेखोराला दरोड्याची हत्यारं ठावं असणारच. ते लकीशच्या जिवाला लागलं. तो आजारी पडला. बहीण लेकरायला घेऊन भावाच्या पाया पडली, एकदा बोल त्याच्यासंगं. हा बोलला न्हाई. आन् लकीश मेला.

मी कागद खाली ठेवला. गुरुजी खिडकीतनं बाहेर बघत व्हते.

"बहिणीचं बी ऐकलं न्हाई?" मी म्हणलं. "आन् हे तुमी भाषणातून गाळणार? गुरुजी, पोरायनं धड्यातला अर्धा परिच्छेद गाळला की तुमी काय करायचे?"

तवा मी सांगून टाकलं. सांगणार नव्हते, पण सांगितलं. पार्वतीबाई, उकंडरावची मालकीण, मला सकाळीच गिरणीत भेटली व्हती. त्यायचा वैजनाथ पुण्याला असतो. दर वर्सी आई-बापाला तिकडं बोलावतो, आन् दर वर्सी उकंडराव त्याच्यावरच डाफरतात. यंदा हो म्हणले. हळद विकली की घराला कुलूप. पार्वतीबाईनं विचारलं, काहून हो म्हणलात? तर म्हणले, इथं आता बोलायला कोण हाय.

गुरुजीनं टोपी घेतली, कागद घेतले आन् निघाले. मी तशीच मागं निघाले. ह्यायचा काय भरोसा, वाटंतनं वळतील.

उकंडरावच्या वावरात हळद शिजून राहिली व्हती. हळदीच्या मोठ्या कुकरची वाफ समद्या वावरावर, वास नाकात जाऊन बसलेला. उकंडराव वाळत घातलेली हळद फावड्यानं पसरत व्हते. ह्यायला बघितलं आन् फावडं चालूच ठेवलं. पार्वतीबाईनं मला पोतं अंथरून दिलं.

मला वाटलं, आता हे म्हणतील चुकलो, आन् संपंल. तर ह्या माणसानं काय करावं? चष्मा लावला, घसा खाकरला आन् भर उन्हात उभं राहून भाषण वाचायला लागले! "रब्बी योहानान हे मोठे विद्वान व्हते..." मला अस्सं वाटलं, फावडं हिसकून घ्यावं आन् ह्यायलाच पसरावं वाळत.

पण गुरुजी वाचत गेले. ह्या डाव काही गाळलं न्हाई. दरोडेखोर आला, बहीण आली, तलवार-सुरी आली. "योहानान समद्यायसमोर म्हणले," इथवर आले आन् आवाजच बंद झाला. पुन्हा घसा खाकरला, पुन्हा न्हाई. मंग कागद खाली केला.

"उकंडा," गुरुजी म्हणले, "त्या दिवशी तुझा मुद्दा बरोबर व्हता. मला उत्तर येत नव्हतं. म्हणून मी निकाल काढला."

सत्तेचाळीस वर्सांत ह्यायच्या तोंडून मी असं ऐकलं न्हाई. उकंडरावचं फावडं थांबलं. कुकरची शिट्टी झाली.

"पुढं?" उकंडराव म्हणले. "पुढं काय झालं त्या लकीशचं?"

"मेला."

"कसा?"

"दुखलं त्याला. पडून राहिला, आन् मेला."

उकंडरावनं फावडं जमिनीत रोवलं. हाताची पिवळी माती धोतराला पुसली.

"थांब," उकंडराव म्हणले. "हे पटलं न्हाई."

"काय पटलं न्हाई?"

"एवढा दरोडेखोर गडी. याला उठून दोस्ताच्या दारात जाता येत नव्हतं? गचांडी धरून विचारायचं की, काहून बोललास रं मला असं? घरात पडून काहून राहिला? अर्धी चूक त्याची हाय."

"त्याची कशी? तो बिचारा..."

"त्याचीच! सहा म्हैने पडून राहायचं म्हणजे काय?"

"सहा म्हैने ग्रंथात न्हाईत, उकंडा."

"ग्रंथात नसतील. हितं हाईत ना!"

"आन् योहानाननं मरणाऱ्याकडं जायला नको व्हतं? म्हातारा आडमुठा व्हता तो."

"व्हता म्हणजे? हायच!"

"मंग आता माझ्यावर..."

"तू मधी बोलू नको. आधी हे सांग, भाषण कधी हाय?"

"तेरा एप्रिलला."

"मंग तेरापोस्तोर हळद कुठं विकती माझी. वैजनाथला कळवतो. आन् मी मुकाट बसणार न्हाई, आधीच सांगून ठेवतो. त्या पेटीवाल्या म्हाताऱ्याबद्दल बी माझं म्हणणं हाय."

"पेटीवाल्याचं तुला कोणी सांगितलं?"

"प्रेमानंद रोज सांगतो येऊन. मी काय म्हणलो तरी बराबर हाय, बराबर हाय. जीव नकोसा करून सोडला त्यानं माझा!"

गुरुजीनं कपाळावर हात मारला. आन् मंग जी जुंपली! कागद वाफेनं ओले झाले, गुरुजीची टोपी हळदीत पडली, कुकरवरचा गडी काम सोडून बघायला लागला. उकंडराव बोट नाचवून राहिले, गुरुजी त्यायचं बोट खाली करून राहिले. दोघायचे बी डोळे भरलेले आन् दोघं बी एकमेकायला ते दिसू देईनात.

पार्वतीबाई घाबरून माझ्याजवळ सरकली. "वैनी," म्हणली, "ह्यायचं भांडण मिटलं का लागलं वो?"

"लागलं, बाई," मी म्हणलं, आन् मला रडूच आलं. "लागलं एकदाचं."